सापडलेला कॅमेरा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने मला चार शब्द बोलायला सांगितले. मी सातवीपर्यंत शिकलेली. मोठे विषय मला पेलायचे नाहीत. म्हणून माझ्या हातून झालेली एक चूकच सांगते.

२०१५ साली माघात आपली सहल नरसोबाच्या वाडीला गेली होती. दर्शन घेऊन मी घाटावर पाय धुवायला उतरले, तो पायरीवर काळ्या पिशवीत एक कॅमेरा! आजूबाजूला विचारले, अर्धा तास तेथेच बसले. कोणी आले नाही. गाडी सुटायची वेळ झाली, तेव्हा तो घरी आणला. देवळाच्या कचेरीत माझे नाव आणि फोन नंबर लिहून द्यायला हवा होता. ते सुचले नाही.

घरी धाकटा म्हणाला, “आई, सापडलं ते आपलं.” मी त्याला रागावले खरी, पण “बघू उद्या” म्हणत कॅमेरा कपाटात ठेवला. असे अकरा उद्या गेले. शेवटी सासूबाई म्हणाल्या, “अगं, पंगतीत दुसऱ्याचं भांडं आलं तर आपण त्यावरचं नाव बघतो ना? तसं यातही काही असेलच की!”

कॅमेऱ्याची बॅटरी उतरली होती. भाच्याने आतले कार्ड काढून संगणकात घातले. कोणाचे लग्न होते. परक्याच्या घरातले फोटो आपण किती बघायचे? म्हणून पत्ता लागेल तेवढेच बघायचे ठरवले. सातव्या फोटोत सांगलीच्या एका मंगल कार्यालयाची पाटी दिसली. तारीख फोटोबरोबर नोंदलेली होतीच. कार्यालयात फोन केला. व्यवस्थापक म्हणाले, “त्यांचा नंबर मी देणार नाही, तुमचा त्यांना कळवतो.” मला ते पटले.

संध्याकाळी नवरीच्या भावाचा फोन आला. मी आपण होऊन काही सांगितले नाही, खूण विचारली. “पट्टा तुटलाय, त्याला गाठ मारलीय,” ते म्हणाले. खूण पटली.

दुसऱ्या दिवशी ते पेढे घेऊन आले. कॅमेरा हातात घेऊन गप्पच बसले. मग म्हणाले, “ताई, आमच्या गाडीवर एक मुलगा होता. त्यानेच घेतला असे समजून आम्ही त्याला कामावरून काढला.”

मैत्रिणींनो, पेढा माझ्या घशाखाली उतरेना. मी काही चोरले नव्हते, पण माझ्या आळसाने एका गरिबाला चोर ठरवले होते. “आधी त्याच्या घरी जा,” एवढेच मी म्हणाले. ते गेले आणि त्याला परत कामावर घेतले, असे त्यांनी फोनवर कळवले.

पुढे वकील असलेल्या माझ्या नणंदेने सांगितले, की १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे सापडलेली वस्तू ताब्यात घेतली, की ती दुसऱ्याच्या ठेवीसारखी सांभाळावी लागते. म्हणजे सापडलेले ते आपले नव्हेच.

मार्च २०१८ मध्ये तैवानात सुआओच्या किनाऱ्यावर कचरा वेचताना शाळेच्या मुलांना शंखशिंपल्यांनी माखलेला एक कॅमेरा सापडला. तो २०१५ साली जपानच्या इशिगाकी बेटाजवळ समुद्रात हरवला होता. पाणी आत न शिरणाऱ्या आवरणामुळे तो चालू राहिला होता. मुलांनी आणि गुरुजींनी विचार करून त्यातले काही फोटो लोकांपुढे ठेवले, आणि मालकीण सापडली. ते वाचून मला माझे अकरा दिवस आठवले.

तेव्हा वस्तू सापडली, तर त्याच जागी आपले नाव ठेवा. खूण मालकाच्या तोंडून येऊ द्या. जुना रोलचा कॅमेरा असेल, तर त्याची पाठ उघडू नका. उजेड लागून फोटो जातात. आणि आपल्या कॅमेऱ्यात पहिला फोटो घ्यावा तो फोन नंबर लिहिलेल्या कागदाचा. भांड्यावर नाव घालतो, तसेच हे.

मुख्य म्हणजे, “बघू उद्या” म्हणू नका. आपला उद्या दुसऱ्या कोणाला तरी भोगावा लागतो.