चिरडलेला पाय आणि मूत्रपिंड
(वार्षिक सभेतील भाषण)



३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्री, शहापूर तालुक्यात, समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर उचलणारे अजस्र यंत्र कोसळले आणि २० जण मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेची वार्ता सर्वत्र पोहोचली. परंतु डंपर मागे घेताना चाकाखाली आलेला किंवा क्रेनच्या ओझ्याखाली दबलेला एकटादुकटा मजूर रुग्णालयात येतो, तेव्हा त्याची बातमी बहुधा होत नाही.

अशा रुग्णाचा खर्च पाहून देणगीदार आम्हांस विचारतात, “दुखापत पायाला, मग डायलिसिस कशासाठी?” प्रश्न रास्त आहे. मांडी किंवा पोटरी दीर्घकाळ दाबली गेली की स्नायूंच्या पेशी मरतात. ओझे हटताच त्यांतील पोटॅशियम व मायोग्लोबिन रक्तात उतरते. पहिल्याने हृदय थांबू शकते, दुसऱ्याने मूत्रपिंड निकामी होते. ढिगाऱ्याखाली शुद्धीवर असलेला, बोलणारा माणूस सुटकेनंतर दगावतो, तो यामुळे. १९४१ मध्ये, लंडनवरील बाँबहल्ल्यांतील जखमींवर उपचार करताना डॉ. बायवॉटर्स व डॉ. बील यांनी हे प्रथम सविस्तर नोंदवले. समाधानाची बाब अशी की, काही आठवडे डायलिसिसचा आधार मिळाल्यास असे मूत्रपिंड बहुधा पूर्ववत काम करू लागते. आपल्या देणगीने हेच आठवडे मिळतात.

धर्मादाय योजनेत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा राखीव आहेत; मात्र शिधापत्रिका वा तहसीलदारांचा दाखला परराज्यातून आलेल्या मजुराजवळ कोठून असणार? कागद जमेपर्यंत उपचार थांबवता येत नाहीत. तेथे आपला मदतनिधी उपयोगी पडतो.

आणखी एक गोष्ट आम्ही कटाक्षाने पाळतो. सोबत आलेला मुकादम अनेकदा “घसरून पडला” एवढेच सांगतो. आम्ही रुग्णालाच विचारून यंत्र, जागा व वेळ केसपेपरवर नोंदवतो. मालकाची चूक सिद्ध न करताही कामावरील इजेची भरपाई मागता येते, हे तत्त्व १९२३ च्या कायद्यापासून चालत आले आहे. परंतु इजा कामावरच झाली, हे दाखवावे लागते. नातेवाइकांनी ती नोंद जरूर मागून घ्यावी.

सभेस उपस्थित असलेल्या बांधकाम व्यावसायिकांना एकच विनंती. माणूस दीर्घकाळ दबलेला असेल, तर घाईने ओझे ओढू नका. प्रथम १०८ ला कळवा, तो किती वेळ दबला आहे ते सांगा आणि शक्यतो जागेवरच, सुटकेपूर्वी, शिरेतून सलाईन सुरू होऊ द्या.