वाचता वाचता स्क्रीन काळी का होते?

 

आजचा भाग छोटा आहे, पण कामाचा आहे. ऐकताना लॅपटॉप समोर असेल तर उत्तमच, मी सांगत जाईन तसं करून बघा. प्रवासात असाल तर नुसतं ऐका. पायऱ्या या लिखित भागात आहेतच, घरी गेल्यावर उघडून बघता येतील.

प्रश्न आपल्या एका श्रोत्याचा आहे. पुण्यात राहून एमपीएससीची तयारी करतोय, दिवसभर अभ्यासिकेत असतो. त्याने व्हॉइस मेसेज पाठवलाय. तो म्हणतो, "ताई, मी लॅपटॉपवर प्रश्नपत्रिकेची पीडीएफ उघडतो आणि उत्तरं वहीत लिहितो. वर मान करून बघतो तर स्क्रीन काळी. मग पासवर्ड टाका, कुठे होतो ते शोधा, परत लिहायला लागा. घड्याळ लावून सराव करायचा आणि मध्ये मध्ये माउस हलवत बसायचं. हे कायमचं बंद कसं करू?"

करता येतं, दोन मिनिटांचं काम आहे. फक्त त्याच्या प्रश्नातला "कायमचं" हा शब्द मला जरा खटकला. त्यावर नंतर येते. आधी हे होतं का, ते बघू.

तुम्ही शेवटचं बटण कधी दाबलं, माउस कधी हलवला, टचपॅडला बोट कधी लावलं, यावर संगणकाचं घड्याळ चालतं. हात लागला की घड्याळ शून्यावर. हात लागला नाही की मिनिटं मोजणं सुरू. ठरलेली मिनिटं भरली की त्याला वाटतं, समोर कुणी नाही, आणि तो स्क्रीन बंद करतो. म्हणजे संगणकाला आपले हात कळतात, डोळे कळत नाहीत. तुम्ही अगदी मन लावून वाचत असाल, तरी त्याच्या हिशोबात खुर्ची रिकामी!

आता तुम्ही म्हणाल, मग अडीच तासांचा सिनेमा बघताना स्क्रीन कशी बंद होत नाही? कारण व्हिडिओ चालवणारं ॲप सिस्टिमला सांगून ठेवतं, की माझं काम चालू आहे, स्क्रीन बंद करू नकोस. व्हिडिओ थांबवून चहा करायला गेलात की ही विनंती मागे घेतली जाते आणि घड्याळ पुन्हा चालू. पीडीएफ किंवा साधं वेबपान अशी विनंती सहसा करत नाही. म्हणून सिनेमा बघणाऱ्याची स्क्रीन चालू राहते आणि अभ्यास करणाऱ्याची बंद पडते.

सेटिंगला हात लावायच्या आधी एक फरक नीट समजून घ्या, कारण निम्मा गोंधळ इथेच होतो. स्क्रीन बंद होणं, संगणक झोपणं आणि संगणक लॉक होणं, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक खोली डोळ्यांसमोर आणा. दिवा मालवला, ही झाली स्क्रीन बंद. आतला माणूस झोपला, ही झाली स्लीप. दाराला कुलूप लागलं, हे झालं लॉक.

नुसती स्क्रीन बंद असेल तर आत काम चालूच असतं. गाणं वाजत राहतं, डाउनलोड चालू राहतं. स्लीपमध्ये मात्र जवळजवळ सगळं थांबतं. उघडलेल्या फाइल मेमरीत तशाच राहतात, पण डाउनलोड सहसा तिथेच अडकतं. आणि लॉकमध्ये काम चालू असतं, फक्त आत यायला पासवर्ड लागतो.

त्यामुळे आधी स्वतःला विचारा, मला यातलं नेमकं काय नकोय? रात्रभर मोठी फाइल उतरवायची असेल तर फक्त स्लीप थांबवा, स्क्रीन खुशाल बंद होऊ द्या. वाचायचं असेल तर स्क्रीन आणि स्लीप, दोन्हींची वेळ वाढवा. आणि लॉक? त्याच्या वाटेला जाऊ नका. का, ते पुढे सांगते.

चला, आता प्रत्यक्ष करू.

विंडोज ११ असेल तर सेटिंग्ज उघडा. त्यात सिस्टिम, मग पॉवर किंवा पॉवर अँड बॅटरी. तिथे स्क्रीन आणि स्लीपच्या वेळा असतात. विंडोज १० मध्ये हेच सिस्टिमच्या खाली पॉवर अँड स्लीप या नावाने सापडेल. लॅपटॉपवर प्रत्येक वेळेचे दोन रकाने दिसतील, एक बॅटरीवर असतानाचा आणि एक चार्जर लावलेला असतानाचा. बरेच जण एकच बदलतात आणि मग म्हणतात, चालतच नाही! दोन्ही बघा. आणि स्लीपची वेळ स्क्रीनच्या वेळेपेक्षा कमी ठेवू नका. स्क्रीनला तीस मिनिटं दिली आणि स्लीपला दहा, तर दहाव्या मिनिटाला संगणक झोपणार आणि स्क्रीन त्याच्यासोबत जाणार. माणूसच झोपला तर दिवा कुणासाठी?

मॅक असेल तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये लॉक स्क्रीन हा भाग उघडा. डिस्प्ले किती वेळाने बंद व्हायचा ते तिथे ठरतं. २०२२ च्या व्हेंचुराच्या आधीची मॅकओएस असेल तर सिस्टिम प्रेफरन्सेसमध्ये बॅटरी किंवा एनर्जी सेव्हर बघा. उबंटूवाल्यांनो, तुमच्याकडे सेटिंग्जमध्ये पॉवर आणि त्यात स्क्रीन ब्लँक.

एवढं करूनही स्क्रीन बंद होत असेल, तर संशयित चार.

पहिला, स्क्रीनसेव्हर. विंडोजच्या सर्चमध्ये स्क्रीनसेव्हर टाइप करा. त्याचं घड्याळ वेगळं असतं, आणि परत आल्यावर पासवर्ड मागायची खूणही तिथेच असते. दुसरा, वेगळा मॉनिटर. काही मॉनिटरना स्वतःचा इको मोड किंवा स्लीप टायमर असतो. तो मॉनिटरच्याच बटणांनी मेनू उघडून बंद करावा लागतो, संगणकातून सापडत नाही. तिसरा, काही नव्या लॅपटॉपमधला सेन्सर, जो माणूस समोरून उठला की स्क्रीन बंद करतो. आणि चौथा, ऑफिस किंवा कॉलेजचा लॅपटॉप. तिथे ही वेळ आयटीवाल्यांनी ठरवून दिलेली असू शकते. सेटिंग फिकट दिसत असेल आणि बदलता येत नसेल, तर समजून जा. आपोआप माउस हलवत ठेवणाऱ्या वस्तू ऑनलाइन मिळतात, पण ऑफिसच्या मशीनवर असले उद्योग करू नका. आयटीवाल्यांना फोन करा आणि काम सांगून वेळ वाढवून मागा.

आता येते त्या "कायमचं" वर. यादीत नेव्हर हा पर्याय असतो. बोट आपसूक तिकडेच जातं. पण हे घड्याळ मुळात का आलं, ते ऐका.

जुन्या जाड काचेच्या मॉनिटरमध्ये आतल्या बाजूला फॉस्फरचा थर असायचा. एकच चित्र तासन् तास राहिलं की तेवढा थर झिजायचा आणि चित्राची छाप कायमची उमटायची. १९८३ साली जॉन सोचा यांनी आयबीएम पीसीसाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. तीन मिनिटं कुणी काही केलं नाही की तो स्क्रीन काळी करायचा. स्क्रीनसेव्हर हे नाव अशाच कामातून आलं, स्क्रीन वाचवणारा. पुढे १९९२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने एनर्जी स्टार ही खूण आणली, आणि सुरुवातच संगणक आणि मॉनिटरपासून केली. तेव्हापासून भर स्क्रीन वाचवण्यावरून वीज वाचवण्याकडे सरकला.

विजेचा हिशोब आपणही करू. समजा तुमचा मॉनिटर २५ वॉटचा आहे आणि रोज आठ तास समोर कुणी नसताना चालू राहतो. दिवसाला २०० वॉट-तास, महिन्याला सहा युनिट. एका घराला ते फार नाही. पण पन्नास संगणकांची लॅब असेल तर तेच तीनशे युनिट होतात, आणि बिल कुणीतरी भरतंच.

छाप पडण्याचा प्रश्नही पूर्ण संपलेला नाही बरं का. साध्या एलसीडीत तो फारसा येत नाही, पण ओलेड स्क्रीनमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देतो आणि वापराने थोडा थोडा थकतो. खालची टास्कबार दिवसभर एकाच जागी झळकत राहिली तर तिची सावली उमटू शकते. ओलेड लॅपटॉप असेल तर नेव्हर अजिबात नको.

पण खरं कारण याहून साधं आहे. आपण उठून जातो. अभ्यासिकेत चाळीस-पन्नास जण बसलेले असतात. तुम्ही खाली चहाला जाता, लॅपटॉप उघडा, त्यावर व्हॉट्सॲप वेब उघडं, मेल उघडा. मेल हातात आला की बाकी बऱ्याच खात्यांचे पासवर्ड बदलता येतात, कारण "पासवर्ड विसरलात?" ची लिंक मेलवरच येते. शेजारचा मुलगा चांगलाच असेल हो. पण सगळेच चांगले असतील या भरवशावर आपण घराचं दार उघडं टाकून जात नाही ना? तुम्ही विसरलात तर कुलूप लावणारं दुसरं कुणी नसतं, फक्त ते घड्याळ असतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की स्क्रीन कायमची जागी ठेवू नका, कामापुरती जागी ठेवा. आणि त्यासाठी सोयी आहेत.

विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचंच पॉवरटॉइज नावाचं मोफत ॲप आहे. त्यात अवेक नावाची सोय आहे. एक तास, दोन तास, हवी तेवढी वेळ द्या. कीप स्क्रीन ऑन ही खूण चालू करायला विसरू नका, नाहीतर संगणक जागा राहील आणि स्क्रीन मात्र बंद होईल. वेळ संपली की सगळं पूर्ववत. तुमच्या मूळ सेटिंगला धक्का लागत नाही.

मॅकमध्ये तर वेगळं काही घ्यावंच लागत नाही. टर्मिनल उघडा आणि कॅफिनेट ही आज्ञा द्या, कॉफीतल्या कॅफीनवरून नाव ठेवलंय! तिच्यापुढे जागा सोडून डॅश डी, मग डॅश टी, आणि मग सेकंदांचा आकडा. एका तासासाठी ३६००. आधीच थांबवायचं असेल तर कंट्रोल आणि सी.

वेबसाइटसुद्धा आता ब्राउझरकडे स्क्रीन चालू ठेवायची विनंती करू शकते. ही सोय क्रोममध्ये २०२० ला आली, सफारीत २०२३ ला आणि फायरफॉक्समध्ये २०२४ ला. तुम्ही दुसऱ्या टॅबवर गेलात की विनंती आपोआप रद्द होते. तुमच्यापैकी कुणी वेबसाइट बनवत असेल, पाककृतींची, गाण्यांच्या नोटेशनची, ऑनलाइन सराव परीक्षेची, तर ही सोय जरूर घाला. कणकेचे हात घेऊन स्क्रीनला बोट लावायची वेळ कुणावर येऊ नये.

हे सगळं तरुण पोरांचंच दुखणं आहे असं समजू नका. माझे आजोबा संगणकावर ई-पेपर वाचतात. अग्रलेखाला त्यांना पंधरा-वीस मिनिटं लागतात, हळू वाचतात, मध्येच चष्मा पुसतात. एकदा माझ्या लक्षात आलं की हल्ली ते भराभर वाचतायत आणि अर्ध्यातच सोडून देतायत. विचारलं तर म्हणाले, "अगं, तो बंद व्हायच्या आत संपवायला लागतं." मशीनच्या वेगाशी जुळवून घेण्यासाठी या वयात त्यांनी स्वतःच्या वाचण्याची पद्धत बदलली होती, आणि तक्रार कुणाकडेच केली नव्हती. मी स्क्रीनची वेळ तीस मिनिटं केली. काम एका मिनिटाचं. घरी आई-बाबा, आजी-आजोबा संगणक किंवा फोन वापरत असतील तर आज एवढं बघाच, त्यांच्या स्क्रीनला किती वेळ दिलाय. ते स्वतःहून सांगणार नाहीत. त्यांना वाटतं, आपल्यालाच जमत नाही.

फोनचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. अँड्रॉइडवर डिस्प्लेमध्ये स्क्रीन टाइमआउट असतो. आयफोनवर डिस्प्ले अँड ब्राइटनेसमध्ये ऑटो-लॉक. आयफोन लो पॉवर मोडवर असेल तर ऑटो-लॉक तीस सेकंदांवरच अडकतो, म्हणून "बदलताच येत नाही" वाटलं तर आधी तो मोड बंद करा. फेस आयडीवाले आयफोन तर तुम्ही बघताय का, हे तपासून मगच स्क्रीन मंद करतात. काही सॅमसंग फोनमध्येही समोरच्या कॅमेऱ्याने चेहरा ओळखून स्क्रीन चालू ठेवायची सोय आहे. म्हणजे खिशातल्या यंत्राला डोळे कळायला लागलेत. टेबलावरचं अजून बहुतेक ठिकाणी हातच मोजतंय.

तर आपल्या एमपीएससीवाल्या दोस्ता, तुझ्यासाठी नेमकं सांगते. चार्जर लावलेला असताना स्क्रीन तीस मिनिटं, स्लीप एक तास. बॅटरीवर दोन्ही जशा आहेत तशाच राहू देत. पूर्ण पेपर सोडवायचा असेल त्या दिवशी अवेकवर तेवढेच तास लाव. आणि जागेवरून उठताना, अगदी पाणी प्यायला जाताना सुद्धा, विंडोजचं बटण आणि एल. लगेच लॉक. मॅकवाल्यांसाठी कंट्रोल, कमांड आणि क्यू. दोन आठवडे आठवणीने करा, मग बोटं आपणहून तिकडे जातील.

आजच्यापुरतं एवढंच. आजी-आजोबांच्या स्क्रीनची वेळ किती निघाली आणि तुम्ही किती केली, ते मला व्हॉइस मेसेज करून नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत मजेत राहा आणि उठताना लॉक करा!