वृद्धाश्रमातील नित्यसेवा



धर्मग्रामाच्या या महोत्सवप्रसंगी आपण पूर्वजांचे उपकार स्मरत आहो. परंतु त्यांपैकी जे अद्याप हयात असून वृद्धाश्रमाच्या खाटेवर दिवस कंठीत आहेत, त्यांच्या नित्यसेवेविषयी दोन शब्द बोलावे असे आम्हांस वाटते.

सन १८३९ च्या हिवाळ्यात फ्रान्स देशातील सें-सर्व्हां गावी झान झ्युगां नामक मोलमजुरी करणाऱ्या बाईंनी एका आंधळ्या, अर्धांगवायूने पीडित वृद्धेस घरी आणिले व आपली खाट तिला देऊन आपण माळ्यावर निजल्या. तेथूनच लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर हा धर्मभगिनींचा संघ उदयास आला. १८८२ साली त्यांनी कलकत्त्यास वृद्धाश्रम उघडिला. २००९ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी झानबाईंस संतपद दिले. त्यांनी प्रथम दिली ती भिक्षा नव्हे, स्वतःची जागा.

सेवेची कसोटी अंघोळीच्या व घासाच्या वेळी लागते. वस्त्र काढण्यापूर्वी आडपडदा लावून ‘आजी, आता अंग पुसू का?’ असे विचारणे. पहिला घास गिळलेला पाहून मगच दुसरा देणे. ज्यांस हात धरून शौचास नेता येते त्यांस केवळ आपल्या सोयीसाठी डायपरात न ठेवणे, ह्या गोष्टी क्षुल्लक दिसतात. तथापि उताणे निजवून घाईने भरविलेला घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, आणि एकाच कुशीवर पडून राहिलेल्या देहास शय्याव्रण होतात. अनादराची जखम देहासही होते.

कोणी म्हणेल, स्मृतिभ्रंश झालेल्यास विचारून काय उपयोग? शब्द कळले नाहीत, तरी स्वरातील माया बहुधा कळते. त्याने तोंड फिरविले, मूठ आवळली, तर तेही उत्तरच होय. अशा वेळी थांबावे, थोड्या वेळाने पुन्हा यावे. बळजोरी करू नये.

मात्र सर्व दोष सेविकांच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. एकटीवर अनेक खाटा सोपविल्या, तर तिने धीर व वेळ कोठून आणावा? आपणही महिन्याचे पैसे भरितो, नाताळात फळे वाटून छायाचित्रे काढितो आणि कर्तव्य सरले असे मानितो. मातापित्यांचा मान राखावा ही चौथी आज्ञा घराच्या उंबरठ्यापाशी संपत नाही.

तरी या महोत्सवाची आठवण म्हणून प्रत्येक कुटुंबाने एक नेम करावा: आठवड्यातून एकदा जेवणाच्या वेळी तेथे जावे, आपल्या हाताने चार घास भरवावे, आणि निघताना सेविकेचीही विचारपूस करावी. परमेश्वर आपणां सर्वांस तशी बुद्धी देवो.