कागदांची साक्ष



मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठीं परदेशीं जाणार असें ठरलें, म्हणजे घरांत दोन प्रकारची तयारी सुरू होते. एक तयारी सर्वांच्या डोळ्यांदेखत चालते. नव्या बॅगा येतात, लोकरीचे कपडे येतात, मेतकूट आणि गोडा मसाला यांच्या पुड्या बांधल्या जातात, आणि आजीपासून शेजाऱ्यांपर्यंत प्रत्येकाचा तींत हात असतो. दुसरी तयारी एका कपाटांत आणि एका फाइलींत मुकाट्यानें चाललेली असते, ती कागदपत्रांची. पहिल्या तयारींत कांहीं उणें राहिलें तर तें मागाहून पाठवितां येतें. दुसरींत उणें राहिलें तर जाणारें माणूसच घरीं राहतें. आज या दुसऱ्या तयारीविषयीं आपल्याशीं बोलावयाचें योजिलें आहे.

विद्येसाठीं समुद्रपार जाणें ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाहीं. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या आणि १८८६ सालीं पेनसिल्व्हानियांतील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनीं संपादन केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ सालीं बडोदें संस्थानची शिष्यवृत्ति घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. या दोघांच्या मार्गांत अडचणींचे डोंगर होते. पण व्हिसा नांवाची अडचण त्यांत नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या काळांत राष्ट्रांनीं आपापल्या सीमांभोंवतीं कागदांचें कुंपण घातलें, आणि युद्ध संपल्यावरहि तें काढलें नाहीं. आपल्याकडेहि १९२० सालीं पासपोर्टाचा कायदा झाला. तेव्हांपासून विद्यार्थ्याची योग्यता विद्यापीठ ठरवितें. पण त्याला दाराच्या आंत घ्यावयाचें कीं नाहीं हें दुसराच कोणी ठरवितो, आणि तें बहुतांशीं कागदांवरून ठरवितो.

हा दुसरा माणूस कोण, याचा विचार आपण क्वचितच करतों. तो व्हिसाच्या कचेरींत बसलेला एक अधिकारी असतो. आपल्या मुलानें रात्री जागून केलेला अभ्यास त्यानें पाहिलेला नसतो. आपल्या घराण्याचा लौकिक त्याच्या कानांवर गेलेला नसतो. त्याच्यापुढें असतात ते केवळ कागद, आणि आजकाल तेहि संगणकाच्या पडद्यावर. न्यायालयांत जशी साक्षीदारांची जबानी, तशी येथें कागदांची. न्यायालयाचा अनुभव असा आहे कीं, दोन साक्षीदार खरें बोलत असले, तरी त्यांच्या बोलण्यांत मेळ नसेल तर खरा पक्षहि हरतो. माझ्या आजच्या बोलण्याचें सार एवढेंच आहे: कागद पुष्कळ असून भागत नाहीं, ते एकमेकांची साक्ष देणारे असावे लागतात.

अधिकाऱ्याचे प्रश्न मुख्यतः तीन असतात. तूं कोण? तूं कशासाठीं जातोस? आणि पैसा कोणाचा?

पहिला प्रश्न सर्वांत सोपा वाटतो, आणि आपल्याकडे नेमका तोच घात करतो. महाराष्ट्राच्या शालान्त परीक्षेच्या गुणपत्रकावर आधीं आडनांव, मग स्वतःचें नांव, मग वडिलांचें नांव अशी रीत आहे. पासपोर्टांत आडनांवाचा रकाना निराळा आणि नांवाचा निराळा. वडिलांचें नांव त्या दुसऱ्या रकान्यांत कधीं येतें, कधीं येत नाहीं. आपली चाल ज्याला ठाऊक नाहीं अशा परक्या माणसाला तीन कागदांवर तीन निराळीं माणसें दिसूं लागलीं, तर त्याला दोष देतां येणार नाहीं. त्यांत इंग्रजी अक्षरांची भर पडते. एके ठिकाणीं दीर्घ स्वरासाठीं एक अक्षर, दुसऱ्या ठिकाणीं दोन. आधार कार्डावर एक वळण, बँकेच्या पुस्तकावर दुसरें.

जन्मदाखल्याचीहि एक खास आपली अडचण आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत करावयाची असते, आणि इस्पितळांतून ती पुष्कळदां बारशाच्या आधींच होते. म्हणून पुष्कळांच्या दाखल्यावर आईबापांचीं नांवें असतात, जन्माची तारीख असते, आणि मुलाच्या नांवाची जागा कोरी असते. शाळेंत या कोऱ्या जागेवांचून कोणाचें अडलें नाहीं, म्हणून घरांतहि कोणी तिकडे पाहिलें नाहीं. परंतु बापाच्या खात्यांतील पैसा याच मुलाचा आहे हें जेव्हां सिद्ध करावयाची वेळ येते, तेव्हां ती कोरी जागा मोठी वाटूं लागते.

याहून नाजूक गोष्ट आईच्या नांवाची. पुष्कळ घरांत लग्नांत मुलीचें आडनांव तर बदलतेंच, पण कित्येकदां नांवहि बदलतें. आयुष्यभर नोकरी करून जिनें पैसा सांठविला त्या आईचें खातें एका नांवानें, मुलाच्या जन्मदाखल्यावरील नांव दुसरें, आणि तिचा स्वतःचा पासपोर्ट तिसऱ्याच नांवाचा, असें होतें. घरांत ती एकच माउली. कागदावर तिघी अनोळखी बायका. अशा वेळीं विवाहनोंदणीचा दाखला किंवा शासनाच्या राजपत्रांत छापलेली नामबदलाची सूचना हाच या नांवांमधला पूल होय. नियम एकच ठेवावा: पासपोर्टावरील नांव प्रमाण मानावें, दुरुस्त होण्यासारखे बाकीचे कागद त्याच्याशीं जुळवून घ्यावे, आणि जे जुळण्यासारखे नसतील त्यांच्यासाठीं असा पूल आधींच बांधून ठेवावा. दाखले मराठींत असतील तर त्यांचें इंग्रजी भाषांतर जोडावें, आणि तें बरोबर असल्याबद्दल भाषांतरकाराचा शेरा, नांव, सही व तारीख घ्यावी.

आतां दुसरा प्रश्न: कशासाठीं? याचें उत्तर विद्यापीठाच्या प्रवेशपत्रापासून सुरू होतें. अमेरिकेंत त्या कागदाला आय-२० म्हणतात, तर इंग्लंडांत विद्यापीठाकडून कॅस नांवाचा क्रमांक मिळतो. जर्मनीनें भारतीय विद्यार्थ्यांसाठीं १ नोव्हेंबर २०२२ पासून आणखी एक पायरी घातली. तेथें अर्ज करण्यापूर्वीं आपल्या पदव्या व गुणपत्रकें खरीं असल्याचा ए.पी.एस. या कचेरीचा दाखला घ्यावा लागतो. म्हणजे आतां आपला कागद खरा आहे असें आपण म्हणून चालत नाहीं. तो खरा आहे असें सांगणारा दुसरा कागद लागतो.

असें कां झालें, हें समजण्यासाठीं २०२३ सालची कॅनडांतील घटना आठवावी. भारतांतून, विशेषतः पंजाबांतून, गेलेल्या कित्येक विद्यार्थ्यांचीं प्रवेशपत्रें बनावट असल्याचें त्या वर्षीं उघडकीस आलें. तोंपर्यंत त्यांतील अनेकांचें शिक्षण पुरें होऊन ते नोकऱ्याहि करीत होते. पुष्कळांचें म्हणणें असें कीं, पत्रें आम्हांला दलालानें दिलीं. तीं खोटीं आहेत हें आम्हांला ठाऊकच नव्हतें. देशाबाहेर घालविण्याची टांगती तलवार डोक्यावर घेऊन त्यांना आपली निर्दोषता सिद्ध करावी लागली. पुढें १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्र विद्यापीठाकडून पडताळून घेण्याची पद्धति कॅनडानें सुरू केली. या घटनेंतून घ्यावयाचा बोध साधा आहे. दलाल किंवा सल्लागार नेमावयास हरकत नाहीं; परंतु अर्जावर ई-मेल आणि दूरध्वनि स्वतःचा असावा, प्रवेशपत्र विद्यापीठाकडून थेट आपल्या हातीं यावें, आणि भरलेला अर्ज सही करण्यापूर्वीं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचावा. सही आपली असते. तिचें फळहि आपलेंच असतें.

याच प्रश्नांत मागील शिक्षणाचा हिशेब येतो. एखाद्या विषयांत नापास होऊन, ए.टी.के.टी. घेऊन पुढें गेलेल्या विद्यार्थ्याला ती गुणपत्रिका लपवावीशी वाटते. तसें करूं नये. विद्यापीठाकडून मिळणाऱ्या ट्रान्सक्रिप्टांत ती गोष्ट उमटण्याचा संभव असतो, आणि मग नापास होणें हा दोष राहत नाहीं, लपविणें हा दोष ठरतो. दोन वर्षें शिक्षण थांबलें असेल तर त्या काळांत काय केलें याचा पुरावा जोडावा: नोकरीचें पत्र, पगाराच्या पावत्या, घरांत आजारपण असल्यास त्याचे कागद. रिकामी जागा अधिकारी आपल्या कल्पनेनें भरतो, आणि त्याची कल्पना आपल्याला अनुकूल असेलच असें नाहीं.

तिसरा प्रश्न पैशाचा. येथें आपल्या मध्यमवर्गाच्या संपत्तीविषयींच्या कल्पना आणि परदेशच्या नियमांतील कल्पना यांची गांठ पडत नाहीं. आपली संपत्ति म्हणजे राहतें घर, गांवची जमीन, देवघराच्या कपाटांतलें सोनें आणि भविष्यनिर्वाह निधि. इंग्लंडच्या नियमांना यांतील कशाचाहि उपयोग नाहीं. सातबारा दाखविला तरी त्यांतून पुढल्या महिन्याचें खोलीभाडें निघत नाहीं. त्यांना पाहिजे असतो हातांतला पैसा: पहिल्या वर्षाची शिल्लक राहिलेली फी, आणि जास्तींत जास्त नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च. हा पैसा विद्यार्थ्याच्या किंवा आईबापांच्या खात्यांत सलग २८ दिवस असावा लागतो. त्या २८ दिवसांचा शेवट अर्जाच्या तारखेपासून मागें ३१ दिवसांच्या आंतला असावा लागतो. सत्ताविसाव्या दिवशीं घराच्या कर्जाचा हप्ता वळता झाला आणि शिल्लक एका दिवसापुरती जरी ठरलेल्या आंकड्याखालीं गेली, तरी मागले सव्वीस दिवस वाया जातात. पौंडाचा भावहि वरखालीं होतो. म्हणून बेताचा आंकडा न ठेवतां थोडी जास्त रक्कम ठेवणें शहाणपणाचें. खातें आईबापांचें असेल तर नात्याचा पुरावा आणि त्यांचें संमतिपत्र हवें. मघांच्या जन्मदाखल्याची कोरी जागा येथें पुन्हां आपल्याला गांठते.

जर्मनीची रीत निराळी. तेथें पैसा आधींच एका बंद खात्यांत भरावयाचा. सप्टेंबर २०२४ मध्यें ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो ठरली, आणि त्यांतून विद्यार्थ्याला दरमहा ९९२ युरो काढतां येत. असे आंकडे बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशींचा आंकडा त्या देशाच्या सरकारी पत्रकांतूनच पाहावा. गेल्या वर्षीं गेलेल्या मित्राच्या स्मरणांतून नव्हे.

याच ठिकाणीं एक मोह उभा राहतो. नातेवाइकाकडून किंवा व्याजानें पैसे आणून महिन्याभरासाठीं खात्यांत ठेवावे, दाखवावे आणि परत करावे, असा सल्ला देणारे भेटतात. हा सल्ला दोन अंगांनीं घातक आहे. एक तर मागल्या सहा महिन्यांत ज्या खात्यांत थोडक्या रकमेची ये-जा होती, त्यांत एका दिवशीं वीस लाख आले तर ते कोठून आले हें कोणीहि विचारील. आणि दुसरें अधिक गंभीर. लबाडी उघडकीस आली तर इंग्लंडचे दरवाजे दहा वर्षेंपर्यंत बंद होऊं शकतात, आणि अमेरिकेच्या कायद्यानें तर ही बंदी जन्मभराची ठरूं शकते. परंतु समजा, कांहींच उघडकीस आलें नाहीं. तरी उसना पैसा परत गेल्यावर त्या परक्या शहरांत मुलानें खावयाचें काय? तो आंकडा अधिकाऱ्याच्या समाधानासाठीं ठरविलेला नसून आपल्याच मुलाच्या पोटासाठीं ठरविलेला आहे, हें विसरूं नये. शैक्षणिक कर्ज घ्यावें. बँकेचें मंजुरीपत्र हा सरळ आणि उजळ माथ्याचा कागद आहे.

वेळेविषयीं एक शब्द. या कामांत प्रत्येक कागदाची चाल निराळी असते. राजपत्र, जन्मदाखल्याची दुरुस्ती, विद्यापीठाचा ट्रान्सक्रिप्ट हीं सावकाश हलणारीं कामें. तीं प्रवेशाच्या अर्जाबरोबरच सुरू करावीं. उलट कांहीं कागद लवकर काढूनहि चालत नाहींत. इंग्लंडास सहा महिन्यांहून अधिक राहावयाचें तर क्षयरोग नसल्याचा दाखला मान्य केलेल्या दवाखान्यांतूनच आणावा लागतो, आणि तो सहा महिनेच चालतो. म्हणून जुने कागद आधीं आणि नाशवंत कागद शेवटीं, हा क्रम ठेवावा.

शेवटीं पालकांना एक विनंति. वात्सल्यापोटीं आपण हें सारें काम स्वतःच्या अंगावर घेतों. बाप बँकेंत जातो, आई झेरॉक्स काढते, आणि मुलगा फक्त सही करतो. अमेरिकेच्या कचेरींत मात्र खिडकीपाशीं तो एकटाच उभा असतो. प्रत्येक अर्जदार कायमचा राहावयासच येत आहे असें त्या देशाचा १९५२ चा कायदा प्रथम गृहीत धरतो, आणि तें खोडून काढावयाला विद्यार्थ्याला पुष्कळदां कांहीं मिनिटेंच मिळतात. वडील काय करतात, कर्ज किती आहे, हाच अभ्यासक्रम कां निवडला, हें त्याला फाइलींत शोधावें लागलें, तर फाइल कितीहि जाड असली तरी तिचा उपयोग नाहीं. म्हणून ती फाइल त्यालाच लावूं द्या. जन्मदाखल्यापासून बँकेच्या पत्रापर्यंत एक एक कागद लावतांना त्याला प्रथमच कळेल कीं, आपल्या शिक्षणामागें कोणाची किती वर्षांची नोकरी आहे, कोणाच्या नांवाचा पैसा आहे, आणि कोणत्या कर्जाचा हप्ता आपल्या नांवें सुरू होणार आहे. हें ज्याला कळलें, त्याला तीनहि प्रश्नांचीं उत्तरें पाठ करावीं लागत नाहींत.

आपल्यापैकीं ज्यांच्या घरीं अशी तयारी चालली असेल, त्यांच्या मुलांचा प्रवास सुखाचा होवो.