एचआयव्हीबाधित कामगार आणि खाजगी उद्योगांची जबाबदारी



एड्ससारख्या विषयावर डॉक्टरांना सोडून बँकेतल्या कारकुनाला बोलायला बोलावले, याचे काहींना नवल वाटले असेल. रोगाविषयी आम्ही फार सांगणार नाही. तो अधिकार डॉक्टरांचा. आम्ही पैशाविषयी बोलणार आहोत. एचआयव्हीच्या उपचाराचा खर्च कोणी सोसायचा, आणि ज्यांच्या कारखान्यात माणूस उमेदीची वर्षे घालवतो त्या मालकांचा त्यात वाटा किती, हा आजचा प्रश्न आहे.

सुरुवात औषधाच्या किमतीपासून करू. सन २००० च्या सुमारास परदेशी कंपन्यांच्या तीन औषधांचा एका रुग्णाचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर जात असे. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला या खाजगी कंपनीने तीच औषधे एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय सेवा संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. तेव्हाच्या दराने हे सोळा हजार रुपयांच्या आसपास होतात. जगभर त्याची चर्चा झाली. पण ज्या मुंबईत हे ठरले, तिथल्या गिरणगावातल्या रुग्णाला सोळा हजार कुठून परवडणार? आपल्या सरकारने ही औषधे मोफत द्यायला १ एप्रिल २००४ पासून सुरुवात केली, तीही आधी थोड्याच सरकारी इस्पितळांत. मधल्या तीन वर्षांत औषध स्वस्त झालेले होते आणि तरीही माणसे त्यावाचून गेली. खाजगी उद्योगाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा, दोन्ही या एका गोष्टीत दिसतात.

आता मालकांचे पाहू. दक्षिण आफ्रिकेतील खाणमालक अँग्लो अमेरिकन कंपनीने ऑगस्ट २००२ मध्ये आपल्या कामगारांना ही औषधे कंपनीच्या खर्चाने देण्याचे जाहीर केले. तिथल्या कामगारांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा बाधित असावा, असा कंपनीचाच अंदाज होता. यात दया किती आणि हिशेब किती, असे कोणी विचारील. आमच्या मते हिशेब अधिक होता आणि त्यात वाईट काही नाही. अनुभवी खाणकामगार आजारी पडला की खाडे वाढतात, तो गेला की नवा माणूस शिकवून तयार करावा लागतो, वारसांना रक्कम द्यावी लागते. मात्र सुरुवातीला ही सोय कामगारापुरतीच होती. त्याच्या बायकोला ती नव्हती.

मालकाच्या पैशातून कामगाराचा दवाखाना चालावा हा विचार आपल्याकडे नवा नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४३ साली, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. आडारकरांकडे सोपवले गेले आणि पुढे १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा आला. २०१९ पासून त्यात मालकाने पगाराच्या सव्वातीन टक्के व कामगाराने पाऊण टक्का भरायचा आहे. ही वर्गणी मालक उपकार म्हणून देत नाही, तो कामगाराचा हक्क आहे. एचआयव्हीच्या बाबतीतही आम्हांला हाच पाया योग्य वाटतो.

आपल्या देशात जे प्रयोग बरे चालले ते भागीदारीचे. कर्नाटकात वाडी येथे, सोलापूरहून पुढे जाणाऱ्यांना हे जंक्शन माहीत आहे, एसीसी सिमेंट कंपनीने उपचार केंद्र काढले. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयातील केंद्रालाही बजाज उद्योगाचे साहाय्य मिळाले. अशा भागीदारीत औषधे व प्रशिक्षण सरकारचे, जागा आणि कर्मचारी उभे करण्याचा भार कंपनीचा, अशी विभागणी असते. ट्रकचालकांसाठी वाहतूक कंपन्यांनी महामार्गांवर दवाखाने काढले. चालक मालाची वाट पाहत जिथे थांबतो तिथेच दवाखाना, ही सोपी युक्ती फार उपयोगी ठरली. औषधे सरकारी साखळीतून येण्याचा आग्रह आम्ही यासाठी धरतो की या गोळ्या जन्मभर, न चुकता घ्याव्या लागतात. मध्येच बंद पडल्या तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. एखाद्या कंपनीचा नफा घटला म्हणून गोळ्या थांबणे चालणार नाही.

पैशाइतकाच दुसरा प्रश्न भीतीचा. कामगार कंपनीच्या दवाखान्यात तपासणीला येईल का? आम्ही टेबलावर बसणारी माणसे आहोत. वैद्यकीय बिल मंजूर होईपर्यंत किती टेबले फिरते, हे आम्हांला ठाऊक आहे. त्यावर औषधाचे नाव असते, आणि ज्याला ते नाव कळते तो दुपारच्या डब्याच्या वेळी बोलल्यावाचून राहत नाही. अशा ठिकाणी कंपनीने कितीही पैसे ठेवले तरी माणूस येणार नाही. तो लांबच्या गावी जाऊन गुपचूप औषध घेईल, नाही तर घेणारच नाही.

ही भीती खोटी नाही. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशाच एका हंगामी कामगाराच्या बाजूने निकाल दिला. काम करायला तो सक्षम होता, पण रक्ततपासणीत लागण दिसताच त्याला कामावरून दूर केले होते. मालक सार्वजनिक क्षेत्रातला होता. मग खाजगी ठेकेदाराकडच्या माणसाची काय कथा! खरे नाव न देता 'एमएक्स' या नावाने त्याला दाद मागू दिली, हे आम्हांला निकालाइतकेच मोलाचे वाटते. पुढे २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा झाला व १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरीसाठी ही तपासणी सक्तीची करता येत नाही, लागण झाली म्हणून काढता येत नाही आणि माहिती फोडता येत नाही. खाजगी आस्थापनांनाही तो बंधनकारक आहे.

सामाजिक दायित्वाच्या निधीविषयी थोडे. १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत एचआयव्हीचा उल्लेख स्पष्ट आहे. परंतु निव्वळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांवरचा खर्च त्यात धरता येत नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. म्हणजे कामगाराच्या उपचाराची तजवीज कंपनीने वेगळी करावी, आणि हा निधी वस्तीतल्या, कंत्राटी कामगारांच्या, त्यांच्या बायकामुलांच्या कामी यावा. तोही एक वर्षाचा नको. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी रोखली तेव्हा आफ्रिकेतील कित्येक केंद्रे अडचणीत आली, हे आपण पाहिले आहे.

शेवटी एक कामाची गोष्ट. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत या कायद्याखाली तक्रार अधिकारी नेमावा लागतो. इस्पितळांना तर वीस माणसांनाच हा नियम आहे. आपल्यापैकी जे कारखान्यात, इस्पितळात आहेत त्यांनी तो नेमला आहे का, याची चौकशी करावी. नसेल तर युनियनमार्फत अर्ज द्यावा. अर्जाचा मसुदा करायला आम्ही रविवारी मंडळाच्या कार्यालयात बसू. आणि ज्यांना कोणाजवळही बोलायचे नाही त्यांच्यासाठी १०९७ हा सरकारचा मोफत दूरध्वनी आहे. तिथे नाव सांगावे लागत नाही.