उजवीकडून चाला!

नाशिकला मी बारा वर्षं स्कूटर चालवली. भाजी, बँक, मुलीची शाळा, सगळं त्या गाडीवरच. त्यामुळे २००९ साली ह्यांची बदली व्हिएतनामला, हनोईला झाली, तेव्हा रस्त्यांची धास्ती मला वाटली नव्हती. तिथे पोहोचून पाहते तर सगळा रस्ता मोटरसायकलींनी भरलेला, आणि वाहतूक उजव्या बाजूने! दोन महिने मी गाडीला हात लावला नाही.

एके दुपारी शाळेतून निरोप आला, मुलीला ताप भरलाय. हे परगावी. शेजारच्या बाई मला मागे बसवून घेऊन गेल्या. त्या रात्री ठरवलं, आता शिकायचंच.

शेजारणीला मी ‘चि’ म्हणायची. तिकडची ‘चि’ म्हणजे आपली ताई. तिने पहिले काही दिवस मला गाडी दिलीच नाही, नुसता रस्ता ओलांडायला लावला. थांबायचं नाही, पळायचं नाही, मागे तर मुळीच फिरायचं नाही. एका संथ चालीने पुढे जात राहायचं, की गाड्या आपोआप वळसा घालून जातात. तुम्ही पुढे काय करणार, हे समोरच्याला कळलं पाहिजे, एवढंच. गाडीवरही हाच नियम.

गाडीला हाताचा क्लच नव्हता, गिअर मात्र पायाने टाकायचे. ते आठवड्यात जमलं. परवान्यासाठी तिथेही आपल्यासारखाच आठचा आकडा काढावा लागतो. पहिल्या खेपेला चाक रेषेबाहेर गेलं, दुसऱ्या खेपेला पास झाले.

खरा धोका गर्दीत नव्हताच. गर्दीत पुढच्याच्या मागे जाता येतं. एकदा पहाटे मोकळ्या रस्त्यावर वळले आणि जुन्या सवयीने सरळ डावीकडे शिरले. समोरून ट्रक! कशीबशी कडेला गेले. हेल्मेट होतं, तिथे डिसेंबर २००७ पासून त्याची सक्ती आहे. पण पाय लटपटत होते. त्यानंतर प्रत्येक वळणावर मी मोठ्याने मराठीत म्हणायची, ‘उजवीकडे!’ मागे बसलेली मुलगीही ओरडायची.

वर्षभराने चि मला लाल नदीवरच्या लाँग बिएन पुलावर घेऊन गेली. फ्रेंचांच्या काळातला, १९०२ साली पुरा झालेला हा पूल. मधून आगगाडी, दोन्ही कडांना दुचाक्या. आणि गंमत म्हणजे या पुलावर वाहतूक डावीकडून चालते! मला खरं तर घरी आल्यासारखं वाटायला हवं होतं. पण माझेच हात बिचकले. बारा वर्षांची सवय कधी बदलली, मला कळलंही नव्हतं. पुढे गेलेली चि वळून हसत होती.

२०१२ साली आम्ही नाशिकला परतलो. स्कूटर बाहेर काढली आणि मुलीला मागे बसवून म्हटलं, ‘आता वळणावर डावीकडे म्हणून ओरड बरं का!’