तोंड शिवलेला नायक

आज एका शिवराळ, आगाऊ आणि रक्तबंबाळ सुपरहिरोबद्दल बोलायचंय. सोबत लहान मुलं ऐकत असतील तरी चालेल. मी एकही शिवी देणार नाही, पण विषय शिव्यांचाच आहे.

फेब्रुवारी २०१६. 'डेडपूल' आपल्याकडे लागला होता. मी आणि माझा भाचा, आम्ही दोघं थिएटरवर गेलो. भाचा तेव्हा सतरा वर्षांचा. प्रमाणपत्र 'ए'. दारावरच्या माणसाने त्याच्याकडे पाहिलं, ओळखपत्र मागितलं आणि त्याला परत पाठवलं. त्याचं काही चुकलं नाही, नियम तोच आहे. भाचा रुसून घरी गेला. तिकीट वाया कशाला घालवायचं म्हणून मी एकटाच आत जाऊन बसलो.

आत काय झालं? पडद्यावरचा नायक बोलता बोलता मध्येच मुका व्हायचा. त्यात त्याच्या चेहऱ्यावर पूर्ण मुखवटा, म्हणजे ओठही दिसत नाहीत. आवाज गेला की कळेना, हा थांबला, विचारात पडला की थिएटरचा स्पीकर बिघडला! विनोदाची सुरुवात ऐकू यायची, शेवट नाही. लोक अंदाजाने हसत होते.

काही महिन्यांनी भाच्याने तोच सिनेमा मोबाईलवर पाहिला. अख्खा. मग मला विचारतो, "मामा, तो अमुक डायलॉग आठवतो?" मला कुठून आठवणार? मी तो ऐकलाच नव्हता. मित्रांनो, हिशोब बघा. ज्याने पाहू नये असं कायदा म्हणतो, त्याने सगळा सिनेमा पाहिला. ज्याने पाहायला हरकत नाही असं कायदा म्हणतो, त्याने तिकीट काढून कापलेला पाहिला. आज मला एवढंच सांगायचंय. बाकी सगळा त्याचा तपशील.

डेडपूल हे पात्र १९९१ साली मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये आलं. फॅबियन निसिएझा आणि रॉब लीफेल्ड यांचं. त्याची ओळखच बडबड्या भाडोत्री मारेकरी अशी. तो वाचकाशी थेट बोलतो, आपण कॉमिकमध्ये आहोत हे त्याला ठाऊक असतं. आपल्याला यात नवल वाटायला नको. तमाशातला सोंगाड्या हेच करतो. वग थांबवून समोरच्यांशी बोलतो आणि राजाचीही टर उडवतो.

आता गंमत ऐका. २००९ साली 'एक्स-मेन ओरिजिन्स : वुल्व्हरिन' या सिनेमात हे पात्र आलं, रायन रेनॉल्ड्सच होता. आणि शेवटी स्टुडिओने त्याचं काय केलं? त्याचं तोंड शिवून टाकलं. अक्षरशः. बोलणं हीच ज्याची ताकद, त्याला मुका करून लढायला उभा केला. चाहते भडकले. पुढे २०१४ मध्ये चाचणीसाठी केलेलं एक छोटं दृश्य इंटरनेटवर फुटलं, लोकांनी ते डोक्यावर घेतलं, तेव्हा कुठे स्टुडिओ हलला. सुमारे ५ कोटी ८० लाख डॉलरमध्ये सिनेमा झाला. सुपरहिरोपटाच्या मानाने हे पैसे किरकोळ. इतके की शेवटच्या मारामारीआधी नायक बंदुकांची पिशवी टॅक्सीत विसरतो, कारण मोठी गोळीबारी परवडणारी नव्हती! जगभरात त्याने ७८ कोटी डॉलरच्या वर कमावले.

पण या शिव्या कशासाठी? वेड विल्सन हा कॅन्सर झालेला माणूस आहे. प्रेयसी आहे, लग्न ठरलंय आणि मरण समोर उभं आहे. बरं होण्याच्या आशेने एका प्रयोगाला तयार होतो, तिथे छळ होतो, चेहरा कायमचा विद्रूप होतो. हा माणूस रडत नाही, टवाळी करतो. शिवी हे त्याचं चिलखत आहे. ते काढून घेतलं की आत दुखणारा माणूस आहे हेही कळत नाही. उरते नुसती मारामारी.

मराठी माणसाला हे सांगायला अमेरिकेत जायची गरज नाही. १९७२ साली तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'ला परिनिरीक्षण मंडळाने ३२ कट सुचवले होते. कमलाकर सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकले. सखारामची भाषा काढली तर सखाराम उरतो का? तसंच हे.

आता कायद्याकडे येऊ. आपलं मंडळ १९८३ पर्यंत 'सेन्सॉर' मंडळ होतं. त्या वर्षी नाव बदलून 'प्रमाणन' मंडळ झालं. नाव बदललं, कात्री राहिली. १९५२ च्या कायद्यात कट सुचवायचा अधिकार आहेच, शालीनता, सुव्यवस्था वगैरे कारणांसाठी. 'डेडपूल' लागला त्याच वर्षी श्याम बेनेगल समितीने सांगितलं, मंडळाने मुख्यतः वयोगट ठरवावा. जूनमध्ये 'उडता पंजाब'च्या खटल्यात मुंबई हायकोर्टाने एकच कट ठेवून सिनेमा सोडला. २०२३ च्या दुरुस्तीने 'यूए'चे सात, तेरा, सोळा असे टप्पे केले. चांगलं झालं. पण 'ए' मिळाल्यावरही कापायचं का, हा प्रश्न तिथेच आहे.

अमेरिकेतलं 'आर' प्रमाणपत्र पालकांसोबत मुलांना आत सोडतं. आपलं 'ए' सोडत नाही. म्हणजे आपलं दार जास्त कडक आहे. एकदा दार बंद केल्यावर आतल्या मोठ्यांच्या ताटातलं तिखट कुणासाठी काढता? निर्माता 'यूए'साठी स्वतःहून कट घेतो, ते समजतं, त्याला प्रेक्षक वाढतात, टीव्हीची वाट मोकळी होते. 'ए'मध्ये कापून कुणाच्या हाती काय लागतं?

एक आक्षेप खरा आहे. बरेच आईबाप पोस्टरवर लाल पोशाखातला हिरो बघून सात वर्षांच्या पोराला घेऊन येतात. त्या पोराची काळजी मलाही आहे. पण त्याला वाचवणारा माणूस दारात उभा असतो, संकलनाच्या टेबलावर नाही. माझ्या भाच्याला अडवणाऱ्या त्या माणसाने आपलं काम चोख केलं होतं. आणि घरातल्या मोबाईलच्या दारात उभं राहायचं ते तुम्ही-आम्हीच. तिथे कुठलंच मंडळ येणार नाही.

स्टुडिओने एकदा या नायकाचं तोंड शिवलं, प्रेक्षकांनी ते उसवलं. आपल्याकडे पुन्हा टाके पडले. पुढच्या वेळी 'ए' सिनेमात आवाज अचानक गेला, तर स्पीकरला दोष देऊ नका. अठरा वर्षं पूर्ण केलेल्या तुम्हाला कुणीतरी अजून लहान समजलंय, एवढं लक्षात घ्या.